मोरीतला किरणोत्सव

आमच्या स्वयंपाकघरात ऊन पहिल्यांदा आलं ते शेजारणीकडं जाता जाता.

मी शिकलेला माणूस नाही. शाळेत गुरुजींनी सूर्याचा धडा शिकवला असणारच, पण त्या दिवशी मी म्हशींमागं असणार. तेवढा एक धडा बुडला, आणि पुढं नव्वदच्या नंतर नवी मुंबईत त्यानं मला गाठलं.

आम्ही सातारकडचे. मी दाणा बाजारात माथाडी. बाजार मुंबईतून वाशीकडं आला, त्याच्यामागं आम्हीही कोपरखैरण्याच्या बैठ्या घरांत आलो. घरं कशी, तर गोण्यांची थप्पी लावावी तशी एकमेकांना खेटून. डावीकडं शेजारी, उजवीकडं शेजारी, वर स्लॅब. पुढं एक दार आणि मागं स्वयंपाकघराची एक खिडकी. खिडकीबाहेर गटाराची गल्ली आणि गल्लीपलीकडं मागच्या रांगेची भिंत. त्या खिडकीतून डास यायचे, मागच्या घरांतल्या सुक्या बोंबलाचा वास यायचा. उजेड तेवढा यायचा नाही! भर दुपारी आमची कारभारीण हौसा मिठाचा डबा हातानं चाचपून शोधायची.

मला याचा पत्ता नव्हता. मी पहाटे बाजारात जायचो, दुपार टळल्यावर घरी यायचो, पुढच्या खोलीत बसायचो आणि ताट बाहेर यायचं. बायको जिथून ताट आणते ती जागा आतून कशी दिसते, हे बघायची वेळच माझ्यावर आली नाही. आली ती दाढेमुळं.

एके दिवशी भातात खडा लागला. साधासुधा नव्हे. कवटीत आवाज झाला! दाढेचा तुकडा ताटात पडला आणि त्याच्याशेजारी खडा. दोघं एकाच रंगाचे.

“अगं, हा भात हाय का खडी?” मी ओरडलो.

“खडीच हाय!” आतून आवाज आला. “भात तेवढा येगळा काढून खावा!”

मी ताट घेऊन तरातरा आत गेलो आणि पाटाला अडखळून पडता पडता वाचलो. हौसा म्हणाली, “बगा! तुमाला एवढा थोरला पाट दिसंना आन् मला म्हंता खडा दिसला पायजे.”

“ट्यूब लाव की मग!”

“लावलीया! वर बगा! ट्यूबच्या उजेडात खडा आन् तांदूळ सख्खं भाऊ दिसत्यात. निवडायला वरचा उजेड लागतोय, सूर्याचा.”

“मग पुढच्या दारात बसून निवड.”

“दारात बसलं की बाया येऊन टेकत्यात. मग तांदूळ ऱ्हातोय बाजूला आन् माणसंच निवडली जात्यात.” तिनं सूप माझ्या हातात दिलं. “दिसभर तांदळाची गोणी पाठीवर वागवता, कदी एक दाना तरी बगितलाय का? बसा हितं. निवडून दावा.”

मी बसलो. डोळे ताणून निवडलं. नंतर तिनं ते सूप दारात नेऊन बघितलं, तर मी खडे ठेवले होते आणि तांदूळ फेकले होते!

त्यावर तिनं निकाल दिला. “घरात ऊन आना. तवर या घरात भात शिजनार न्हाई.”

मी युनियनचा माणूस. संप कसा करायचा हे मला कुणी शिकवायला नको. पण संप आपल्यावर झाला की कसं वाटतं, हे तेव्हा कळलं. दिवसभर पाठीवर बासमती, कोलम, आंबेमोहर, आणि रात्री ताटात ज्वारीची भाकरी. मला भाकरीचं वावडं नाही. पण माणसाच्या अंगाला जो वास दिवसभर येतो, तो ताटातही यावा असं वाटतंच की!

बाजारातले एक मेहता, म्हणजे हिशेब लिहिणारे, हुशार. म्हणाले, “भिंती पांढऱ्या करा. पांढरा रंग उजेड फेकतो.” मी चांगला चकचकीत ऑइलपेंट आणला आणि भिंती, फळ्या, खिडकीचे गज सगळं पांढरं करून टाकलं. (मिठाचा डबाही केला. तो पुढं दोन दिवस सापडला नाही.) पण रंगानं फेकायला आधी उजेड आत यायला पाहिजे, हे मेहता बोलले नव्हते. नुसता पांढरा अंधार झाला. फरक एकच पडला, झुरळं दिसायला लागली.

“काळ्या भिती हुत्या तेच बरं हुतं,” हौसा म्हणाली. “आपल्यासंगं कोन ऱ्हातंय ते कळत नव्हतं.”

आता मागच्या रांगेतलं घर होतं शेजारच्या तळवली गावातल्या म्हात्रेशेठचं. शेठ मूळचे इथलेच गाववाले, जाडजूड, गळ्यात साखळी. त्या घरात त्यांनी सलून भाड्यानं दिलं होतं. सलूनवाला जागा सोडून गेला आणि जाताना भिंतीएवढा आरसा ठेवून गेला. तो आरसा शेठनी रस्त्यापलीकडच्या आपल्या राहत्या चाळीत नेऊन ठेवला होता. मला कल्पना सुचली. शेठच्या त्या मागच्या घराच्या गच्चीच्या कठड्यावर दिवसभर ऊन असतं. तिथं आरसा लावला तर ऊन आपटून खाली आमच्या खिडकीत येईल!

“शेठ, तो आरसा देता का? आणि कठड्यावर थोडी जागा?”

“ने रं पैलवान,” शेठ म्हणाले. “माजे घरान तो परलाय तं सगल्या बाया तिथंच उभ्या ऱ्हातान. कामा व्हत नाय. पन नेशील कसा? टेंपो सांगू?”

“टेंपो कशाला? पाठ हाय की.”

माझ्या पाठीवर क्विंटलची गोणी बसायची, आरशाचं काय घेऊन बसलात! खाली पोतं टाकलं, आरसा पाठीवर घेतला, दोरी कपाळाला लावली आणि वाकून निघालो. आरशाची तोंडाकडची बाजू बाहेर. खरचटायला नको म्हणून.

वाकलेल्या माणसाला फक्त रस्ता दिसतो. मागं काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, आणि मागं सगळं चाललं होतं! समोरून येणारे लोक बाजूला व्हायचे आणि मग माझ्यामागं यायचे. मला वाटलं, कष्टकरी माणसाला मान देतात. नंतर कळलं की एक जण माझ्यामागं चालत भांग पाडत होता. दोघी बाया गजरा नीट करत होत्या. एका रिक्षावाल्याच्या डोळ्यात ऊन गेलं, त्यानं रिक्षा थेट नारळवाल्याच्या ढिगात घातली आणि उतरून मला विचारलं, “ओ काका, सूरज लेके किधर चले?”

म्हशीचं मात्र मला लगेच कळलं. तेव्हा तिकडं गावातल्या म्हशी रस्त्यावर मोकळ्या फिरायच्या. एकीला आरशात दुसरी म्हैस दिसली. तिनं थोडा वेळ विचार केला असणार, कारण मी दहा पावलं पुढं गेलो होतो. मग तिला ते दृश्य पटलं नाही. मागून टापा ऐकू आल्या तेव्हा मी कपाळाला दोरी, पाठीला आरसा आणि आरशाला म्हैस अशा अवस्थेत धावलो. लहानपणी मी म्हशींमागं धावायचो, त्याची फेड झाली. आरसा वाचला. मीही वाचलो, पण कुणी मला ते विचारलं नाही. हौसानं दारातच आरशावरून हात फिरवला आणि म्हणाली, “कुटं टवका तर न्हाई ना गेला?”

रविवारी बाजार बंद. सकाळीच मी शेठच्या गच्चीवर चढलो, हौसा खाली आमच्या खिडकीत.

“डावीकडं घ्या! लई झालं! खाली! आवं, खाली म्हनलं, गटारात न्हाई! आलं... आलं... डोळ्यात आलं! मेले!”

आणि मग एकदम गप्प झाली. मला वाटलं, हिला काही झालं. कठड्यावरून वाकून बघितलं. खिडकीतून आमच्या ओट्यावर उन्हाचा हा एवढा थोरला चौकोन पडला होता, आणि ती त्यात नुसता हात धरून उभी होती. पालथा केला, उलथा केला. जणू हात पहिल्यांदाच बघत होती.

“हाय तसंच ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “हलवू नका.”

मी हलवलं नाही. पक्कं सिमेंट कालवलं आणि आरसा त्याच कोनात कायमचा बसवला. आमच्या धंद्यात गोणी जिथं थापली तिथं राहते. दुसऱ्या दिवशी जा, महिन्यानं जा, ती तिथंच. ऊनही तसंच असणार असं मी धरून चाललो. (म्हशींमागं गेलेला धडा तो हाच.)

सोमवारी मी घरी आलो ते मनातल्या मनात भाताचा वास घेत घेत. ताटात भाकरी.

“आणि भात?”

“ऊन गेलं.”

“कुठं गेलं? काल तर दिलं होतं!”

“हितं येतंय सकाळच्याला, नळाला पानी येतंय तवा. पानी भरू का उनात बसू? समदं आवरून दुपारी सूप घिऊन बसले, तर ऊन रत्नाक्काकडं गेल्यालं.”

रत्नाक्का म्हणजे आमची भिंतीला भिंत शेजारीण, कोल्हापूरची. आमची मोरी आणि तिचा देव्हारा यांच्यामध्ये एकच भिंत. मी तिच्या दाराशी गेलो तर बाहेर चपलांचा ढीग! आत घंटा, कापूर, बायकांची गर्दी. माझं ऊन तिच्या खिडकीतून देव्हाऱ्यातल्या अंबाबाईच्या मुकुटावर!

“या दाजी, चप्पल काढून या,” आक्का म्हणाली. “किरणोत्सव हाय.”

कोल्हापूरला देवीला वर्षातून काही दिवस मावळतीची किरणं लागतात, आणि ती बघायला लोक लांबून येतात, हे मलाही माहीत होतं. पण ती खरी किरणं!

“आक्का, तो माझा आरसा हाय.”

“आरसा तुमचा. सूर्य कुनाचा?”

तरी मी म्हणालो, “मीच लावलाय तो, गच्चीवर.”

“मला म्हाईत हाय की ओ! मी कापडं वाळत घालत हुते तवा तुमी वर चढल्याला. कोल्हापुरात तरी ऊन दारातनंच येतंय न्हवं? म्हनून दार कोन आपल्या घरी घिऊन जातंय व्हय?”

“अहो, पण तिथं आधी पायावर येतं आणि मग वर चढतं. तुमच्याकडं आधी मुकुटावर आलंय!”

“ही नवी मुंबई हाय, दाजी. हितं समदंच नवीन.”

दुसऱ्या दिवशी मी छिन्नी-हातोडी घेऊन गच्चीवर निघालो, तर जिन्यात म्हात्रेशेठ. अंघोळ करून, कपाळाला टिळा लावून!

“आरशाला हात नाय लावाचा पैलवान. माजे गच्चीवरशी देवीला ऊन जातंय. मना पुन्य मिलतंय.”

“शेठ, आरसा तुम्ही मला दिलाय.”

“दिला व्हता. आता देवीला दिला.”

म्हणजे आणला मी, लावला मी, म्हैस माझ्यामागं, आणि पुण्य शेठला!

घरी आलो तर हौसा सूप काखेत मारून निघालेली.

“कुठं निघालीस?”

“उजेडात.”

ती आक्काच्या देव्हाऱ्यापुढं जाऊन बसली आणि तांदूळ निवडायला लागली. तिचं बघून दुसरी आली, तिसरी आली. आक्कानं जाहीर केलं की देवीपुढं तांदूळ निवडणं ही सेवाच आहे आणि मूठभर तांदूळ देवीचा. आठवड्यात अख्ख्या रांगेतली सुपं तिथं! दुपारी मी कामावरून यायचो तेव्हा पूर्ण गल्लीत एकही बाई घरात नसायची. मी माझ्या पांढऱ्या अंधारात एकटा बसायचो. भिंतीपलीकडून माझ्या उन्हातलं हसणं ऐकू यायचं.

एक झालं, संप मिटला. ताटात भात आला. मी डोळे मिटून मोठा घास घेतला.

कट्!

“हौसा! आता तर उजेडात निवडलेत ना?”

“निवडलं की! पन मदीच आरती लागली. आरतीला डोळं मिटायला नगं का?”

दुसरी दाढ गेली.

संक्रांत झाली, दिवस मोठे व्हायला लागले. देवीवरचं ऊन मुकुटावरून गळ्यापर्यंत उतरलं, मग जरा कडेला सरकलं. आक्का म्हणायची, “देवी मान वळवतीया.” देवी कशाला वळवेल? सूर्य सरकत होता. पण आता माझं सूर्याबद्दलचं मत कोण ऐकणार!

त्यातल्याच एका दिवशी मी बाजारातून आलो. गोण्यांचा भुसा मानेपासून पायापर्यंत चिकटलेला. घरात कुणी नाही, म्हणून सरळ मोरीत गेलो. आमची मोरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, गुडघ्याएवढा कठडा, दार-पडदा काही नाही. अंगावर जुनी अर्धी चड्डी, तोंडाला साबण. डोळे मिटून दोन तांबे घेतले आणि पाठीला छान ऊब लागली. मला वाटलं, पाणी जास्तच तापलंय आज. मी पाठ ताणून उभा राहिलो. बरं वाटत होतं.

भिंतीपलीकडं आरती चालू होती, ती मध्येच बंद पडली. मग गलका.

“अगंबाई, ऊन गेलं!”

“आत्ता तर हुतं!”

“देवी कोपली!”

आणि आक्काचा आवाज, “खिडकीतनं बगा... शेजारी गेलं! दाजींच्या घरात शिरलं! चला!”

मला साबणातून एवढंच कळलं की आपल्या घरात कोणी येतंय. टॉवेल पुढच्या खोलीत. पळायला वाट एकच, आणि त्याच वाटेनं घंटा वाजत येत होती! मी काय केलं? भिंतीकडं तोंड केलं. लाज झाकायला तेवढंच सुचलं. त्यामुळं ऊन बरोब्बर माझ्या पाठीच्या मधोमध आलं.

सगळी मिरवणूक स्वयंपाकघरात. ताट, निरांजन, सुपं. आपल्याला कोणी दिसत नसलं की दुसऱ्यालाही आपण दिसत नसू असं माणसाला वाटतं. मी डोळे अजून घट्ट मिटले.

“अगं, देवीचं ऊन कुटं पडलंय बगा!” आक्काचा आवाज रडवेला झाला होता.

मग गर्दीतून वाट काढत हौसा पुढं आली. तिनं बघितलं. मी तिचं तोंड बघू शकत नव्हतो, पण ती हसू दाबत होती हे मला नुसत्या श्वासावरून कळलं.

“ह्यांच्या पाठीवर बसलीया,” ती म्हणाली. “गोणी बसतीया तितंच. आता नमस्कार करा आन् निगा. कापडं घालायची हायती त्यास्नी.”

बाकीच्या तोंडाला पदर लावून पळाल्या. पण पलीकडच्या रांगेतली एक म्हातारी होती, तिला डोळ्यांनी कमी दिसायचं. तिनं खरंच नमस्कार केला, हळद-कुंकू वाहिलं आणि माझ्या ओल्या पाठीवर अक्षता टाकल्या. पाठीवर तांदूळ घ्यायची सवय होतीच म्हणा. पण एवढ्या भक्तीनं कुणी टाकले नव्हते!

सगळ्या गेल्यावर हौसा मोरीच्या कठड्यावर बसली आणि हसली. तशी हसलेली मी तिला आधी बघितली नव्हती. पोट धरून, पदर डोळ्याला लावून, “कुंकू... पाठीला...” म्हणून परत हसायची. मी रागावून म्हणालो, “टॉवेल दे आधी!” तर म्हणाली, “देवाला टावेल लागतोय व्हय?”

बातमी बाजारात पोचायला वेळ लागत नाही. पुढं कित्येक महिने गोणी चढवताना जोडीदार विचारायचे, “देवी, वाकताय ना?”

आक्काचा किरणोत्सव त्या सालापुरता संपला. पुढच्या साली परत भरला, आणि संक्रांतीनंतर देवीनं परत मान वळवली. दरवर्षी तसंच. पण त्या दिवसापासून हौसानं सूप उचललं आणि मोरीत नेलं. मोरी धुऊन पुसून, कोरडी करून, पाट मांडून ती उन्हात बसायची आणि तांदूळ निवडायची. मोरीत बसून तांदूळ निवडणारी बाई अख्ख्या नवी मुंबईत ती एकटीच असणार. ऊन थोडेच दिवस तिथं असायचं, म्हणून त्या दिवसांत ती वर्षाचे तांदूळ निवडून डब्यात भरून ठेवायची. पहिला भात मी भीत भीत, एकेक शीत चावून खाल्ला. खडा नव्हता. ती दारात उभी राहून बघत होती, तिला कळलं.

हौसा गेल्या साली गेली. त्याचं इथं काही लिहीत नाही.

आता तांदूळ पिशवीत येतो, धुतलेला, पुसलेला. खडा शोधून सापडत नाही, आणि चावायला दाढाही राहिल्या नाहीत. आरसा अजून शेठच्या कठड्यावर आहे. सिमेंट मीच लावलंय, निघणार कुठून! त्याचा पारा जागोजाग उडालाय, त्यामुळं ऊन ठिगळं लावल्यासारखं येतं. शेठची पोरं मजला चढवणार म्हणतात, तोवर येईल.

यंदाही संक्रांत झाली आणि ते मोरीत आलं. मी अंघोळ दुपारपर्यंत ठेवली, भिंतीकडं तोंड करून, पाठ उन्हाला देऊन उभा राहिलो. बराच वेळ उभा राहिलो. पाणी गार झालं, शिंका आल्या, नमस्कार करायला कुणी आलं नाही. शेवटी टॉवेल आणायला मीच ओला पुढच्या खोलीपर्यंत गेलो. देव म्हणून माझं काही फार दिवस चाललं नाही.